लोकलज्जा आणि निष्ठा

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट आहे. आमच्या शाळेंतील एक विद्यार्थी, अभ्यासांत बेताचा पण खेळांत चपळ, रविवारीं सकाळीं होणाऱ्या क्रिकेटच्या सरावास लागोपाठ तीन वेळां आला नाहीं. संघनायकानें कारण विचारलें तेव्हां त्यानें पहिल्या वेळीं ताप आला होता असें सांगितलें, दुसऱ्या वेळीं मामा गांवाहून आले होते असें सांगितलें, आणि तिसऱ्या वेळीं कांहींच न सुचल्यामुळें तो नुसता हंसला. खरें कारण इतकेंच होतें कीं, रविवारीं सकाळीं तो आपल्या आईबरोबर उपासनेस जात असे. ही हकीकत आमच्या कानीं आली तेव्हां आम्हीं त्यास बोलाविलें आणि खरें सांगावयास कसली अडचण वाटली असें विचारलें. बराच वेळ तो बुटाचें टोंक फरशीवर घाशीत उभा राहिला व मग म्हणाला, "सर, ते हंसतात."

धर्मासाठीं छळ सोसणाऱ्यांच्या कथा आपण पुस्तकांत वाचतों. त्यांत सिंह असतात, जळती चिता असते, क्रूर बादशहा असतो. आमच्या क्रीडांगणावर सिंह नाहीं. तेथें आहेत चार सोबती, त्यांची थट्टा, आणि आपण त्यांच्याहून निराळे ठरूं ही भीति. परंतु या भीतीस कोणीं हलकें समजूं नये. शुभवर्तमानांत पेत्राची जी गोष्ट आहे ती या दृष्टीनें पुन्हां वाचून पाहावी. बागेंत हत्यारबंद लोक आले तेव्हां याच पेत्रानें तरवार उपसली होती. पुढें त्याच रात्रीं महायाजकाच्या वाड्याच्या अंगणांत तो कोळशांच्या विस्तवाशीं शेकत बसला असतां एका दासीनें त्याच्याकडे निरखून पाहिलें आणि तूंहि त्यांच्यांतलाच ना, एवढेंच विचारलें. तिच्या हातीं अधिकार नव्हता, शस्त्र नव्हतें. तरी शिपायांपुढें न डगमगलेला तो मच्छीमार तिच्यापुढें डगमगला. त्याच्या बोलण्यांतला गालीली हेल मात्र लपेना. जवळच्यांनीं त्यावरूनच त्याला ओळखलें. शेकोटीभोवतीं बसलेल्या मंडळींत आपण परके दिसूं नये, ही जी ओढ मनुष्यास असते, तिला आमच्या भाषेंत लोकलज्जा असा फार नेमका शब्द आहे. या लज्जेशीं महाराष्ट्रांतील ख्रिस्ती लोकांस कसें झुंजावें लागलें, तें आज थोडक्यांत सांगावें असें योजिलें आहे.

शंभर-दीडशें वर्षांपूर्वीं लोकलज्जा ही नुसती मनांतली गोष्ट नव्हती. तिच्या हातांत साधनें होतीं. जो बाप्तिस्मा घेई त्यास वाळीत टाकीत. आणि वाळीत टाकणें म्हणजे काय याची आजच्या मुलांस कल्पना नसेल म्हणून सांगतों. न्हावी डोक्यास हात लावीत नसे, परीट कपडे घेत नसे, पाणवठ्यावर घागर लावूं देत नसत, लग्नाच्या पंक्तीस पान मांडीत नसत, आणि मुलीला स्थळ मिळत नसे. ही शिक्षा त्या एकट्यास होऊन थांबती तर निराळी गोष्ट. पण त्यास घरांत घेणाऱ्या आईबापांवर व भावंडांवरहि तीच आपत्ति येई. म्हणून बहिष्काराचा खरा जोर जातीच्या पंचांत नसून आईच्या डोळ्यांतील पाण्यांत होता. पंचांस तोंडावर उत्तर देणारा तरुण आईपुढें गप्प होई.

कायद्यानें यांपैकीं कांहीं साधनें काढून घेतलीं. पूर्वीं धर्म सोडणाऱ्याचा वडिलार्जित मालमत्तेवरील हक्क जाई. १८५० सालच्या २१ व्या कायद्यानें धर्मांतरामुळें किंवा जातिभ्रष्ट झाल्यामुळें वारसाहक्क बुडूं नये असें ठरलें. पुढें १८६६ सालीं दुसरा एक कायदा झाला. धर्मांतर केलेल्या मनुष्याचा त्याच्या पत्नीनें अथवा पतीनें त्या कारणासाठीं त्याग केल्यास, विचार करण्यास मुदत देऊन अखेर लग्नबंधन सोडवून घेण्याची वाट त्यांत होती. कायद्यानें वाटा मिळाला. उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या मिळाला नाहीं. तो कायद्याच्या हातचा नव्हता.

या झगड्यांत शाळांचें नांव पहिल्यापासून गोंवलेलें आहे, आणि शाळेच्याच वार्षिकांत लिहीत असल्यामुळें तें टाळणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. मुंबईस डॉक्टर जॉन विल्सन यांच्या शाळेंत शिकणाऱ्या धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोघां पारशी तरुणांनीं १८३९ सालीं बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजांत एकच खळबळ उडाली, प्रकरण सुप्रीम कोर्टांत गेलें, आणि धनजीभाई आपल्या इच्छेनें वागण्यास मुखत्यार आहेत असें ठरलें. मात्र शाळेंतील बहुतेक मुलांस त्यांच्या पालकांनीं काढून नेलें. होरमसजींस तर पत्नी व मुलगी यांस मुकावें लागलें.

चार वर्षांनीं, १८४३ सालीं, नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणानें बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाहि मिशनऱ्यांच्या घरीं येऊन राहिला व त्यांचें अन्न जेवला. तो अज्ञान असल्यानें कोर्टानें त्यास बापाच्या स्वाधीन केलें. पण घरीं नेऊन तरी काय? परक्याच्या हातचें जेवलेल्या मुलास जातींत घ्यावें कीं नाहीं, यावर सगळ्या ब्रह्मवृंदांत वाद माजला. बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानानें त्याची बाजू घेतली, त्यास प्रायश्चित्तासाठीं काशीस धाडण्यांत आलें, तरी सनातन्यांचें समाधान झालें नाहीं. थोरला भाऊ नारायण पुढें पाळक झाला व जालन्याकडे त्यानें मोठें काम केलें. त्याचें नांव ख्रिस्ती लोक आदरानें घेतात. आम्हांस मात्र राहून राहून त्या धाकट्याची आठवण येते. दोन्ही बाजूंचे थोर लोक, सगळे सद्धेतूचे, आणि मध्यें एक अजाण मूल. श्रद्धेविषयीं कोणाहि लहान मुलास घाई करूं नये, असें जें आमचें मत आहे, तें याच प्रकरणाच्या वाचनानें दृढ झालें आहे.

लोकलज्जेचें दुसरें रूप म्हणजे गुप्तपणा. १८४९ च्या सुमारास मुंबईंत परमहंस सभा नांवाची एक मंडळी निघाली. जातिभेद मोडावा, एक देव मानावा, अशा विचारांचे सुशिक्षित तरुण तींत होते. ते बंद दाराआड जमत, प्रार्थना करीत, व परजातीच्या मनुष्याच्या हातचा पाव खाऊन जातिबंधन तोडल्याची साक्ष पटवीत. विचार चांगला होता, माणसेंहि चांगलीं होतीं. पण बाहेर कळतां कामा नये ही अट होती. दहाएक वर्षांनीं सभासदांच्या नांवांची यादी बाहेर फुटली आणि सभा मोडली. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून जिचें नांव घेतात ती 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी हेहि तरुणपणीं या सभेंत होते. पाव गुपचूप खाऊन त्यांचें मन निवलें नाहीं. मनांत ख्रिस्तावर श्रद्धा आणि घरीं जुनाच आचार, अशा दुहेरी स्थितींत त्यांनीं कांहीं काळ काढला, व १८५४ सालीं बेळगांवीं त्यांनीं उघडपणें बाप्तिस्मा घेतला. 'अरुणोदय' या आपल्या आत्मचरित्रांत त्यांनीं हा सगळा प्रवास सांगितला आहे. मराठी आत्मचरित्रांत तें अगदीं पहिल्यांपैकीं असून आमच्या मोठ्या विद्यार्थ्यांनीं तें अवश्य वाचावें.

परंतु या विषयाचें मर्म जिच्या चरित्रांत उत्तम सांपडतें ती गोष्ट टिळक पतिपत्नींची होय.

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालीं कोंकणांत करजगांवीं झाला. ते जन्मतः कवि, वृत्तीनें फिरते, आणि स्वभावानें अतिशय उतावीळ होते. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें जातांना डब्यांतील एका युरोपियन प्रवाशाशीं त्यांचा संवाद झाला. त्यानें त्यांस नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. त्या गृहस्थाचें नांव टिळकांस पुढें कधींच कळलें नाहीं. डोंगरावरील प्रवचन वाचून टिळकांचें मन जिंकलें गेलें. तरीहि मन जिंकलें जाणें निराळें आणि उंबरा ओलांडणें निराळें. घरीं पत्नी होती, लहानगा दत्तू होता, आणि त्या पत्नीचें माहेर सोवळ्याओवळ्याच्या बाबतींत विलक्षण कडक होतें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस अमेरिकन मिशनच्या मंदिरांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेतां मुद्दाम देशी पाळकाच्या हातून घेतला.

ही बातमी लक्ष्मीबाईंस लागली तेव्हां त्यांच्यावर काय प्रसंग गुदरला, हें त्यांच्याच 'स्मृतिचित्रां'त वाचावें. आम्हीं आपल्या शब्दांनीं तें सांगणें म्हणजे समईपुढें काजवा धरण्यासारखें होईल. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. कुंकू लावावें कीं नाहीं, त्याचें नांव घ्यावें कीं नाहीं, मुलगा कोणाचा म्हणावा, असे प्रश्न भोंवतालचे लोक त्यांस विचारीत. सुमारें पांच वर्षें नवराबायकोची ताटातूट होती. त्यांतील कांहीं काळ लक्ष्मीबाईंनीं पंढरपुरास काढला.

येथें वाचकांनीं एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. वर सांगितलेला १८६६ चा कायदा टिळकांस माहीत नव्हता असें नव्हे. पत्नी येत नाहीं म्हणून बंधन सोडवून दुसरा संसार मांडण्याची वाट त्यांस मोकळी होती. ती त्यांनीं घेतली नाहीं. ते पत्रें लिहीत राहिले, वाट पाहात राहिले. अखेर लक्ष्मीबाई मुलासह अहमदनगरास आल्या त्या हिंदु म्हणूनच आल्या. टिळकांनीं त्यांस वेगळी चूल, वेगळें पाणी, आपलें सोवळें, सर्व कांहीं चालविण्याची मोकळीक दिली. आपल्या घरांत आपल्याच पत्नीच्या स्वयंपाकघरांत आपणांस मज्जाव, ही गोष्ट त्या उतावीळ कवीनें कशी सोसली असेल याचें आम्हांस नवल वाटतें. पुढें माणसामाणसांतील हा भेद देवानें केलेला नाहीं असें लक्ष्मीबाईंस आपल्याच विचारानें पटलें, आणि ज्या दिवशीं पटलें त्या दिवसापासून त्यांनीं कोणाच्याहि हातचें पाणी पिण्यास आरंभ केला. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यावर नवऱ्याचा दाब पडला असता तर बाप्तिस्मा कदाचित् लवकर झाला असता. 'स्मृतिचित्रें' मात्र झालीं नसतीं असें आमचें स्पष्ट मत आहे.

टिळकांच्या निष्ठेची कसोटी एवढ्यावर संपली नाहीं. जुन्या समाजानें त्यांस परका ठरविलें होतेंच. नव्या समाजांतहि त्यांच्याविषयीं कुरकुर होई. ख्रिस्ती झाल्यावर साहेबी चालीच्या गाण्यांनींच देवाला आळवावें अशी कित्येकांची समजूत असे. टिळक अभंग रचूं लागले, टाळमृदंगाच्या साथीनें भजन व कीर्तन करूं लागले. तुकोबांच्या वाटेनें आपण ख्रिस्ताजवळ आलों असें ते उघड बोलत, आणि हें कांहीं ख्रिस्ती जनांस रुचत नसे. हे जुन्याकडे परत तर चालले नाहींत ना, अशी त्यांस शंका येई. आज मराठी उपासनेंत टिळकांचीं पदें म्हटलीं जात नाहींत असा रविवार विरळा. म्हणून ती कुरकुर आपण विसरून गेलों आहों. १९१७ सालीं मिशनचें वेतन सोडून त्यांनीं साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेला व न घेतलेला असा भेद न करतां जो कोणी ख्रिस्ताचा भक्त असेल त्यास त्यांत जागा होती. दोनच वर्षांनीं, १९१९ सालीं, ते वारले. त्यांचें अपुरें 'ख्रिस्तायन' पुढें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. वेगळी चूल मांडून बसलेल्या त्याच लक्ष्मीबाईंनीं.

पंडिता रमाबाईंवरहि असाच दुहेरी दाब आला. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं व लहानग्या मनोरमेनें बाप्तिस्मा घेतला, तेव्हां पुण्यास पुष्कळांस वाटलें कीं ही विदुषी आपणांस कायमची अंतरली. पण तेथील मठांतल्या भगिनींसहि रमाबाई पुरत्या हातीं लागल्या नाहींत. त्या शाकाहारीच राहिल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरेंच कां असावींत, संस्कृतानें काय पाप केलें आहे, असा प्रश्न त्यांनीं विचारला. ज्या स्त्रीनें घरच्या पुरोहितांची सत्ता झुगारली तिला दुसऱ्या देशच्या पुरोहितांची सत्ता जशीच्या तशी मान्य होईना. हा सर्व पत्रव्यवहार १९७७ सालीं छापून निघाला आहे. त्यांत गुरुस्थानीं असलेल्या भगिनींशीं त्यांनीं घातलेला वाद वाचून आजहि नवल वाटतें.

मग त्या परत आल्या. १८८९ सालीं मुंबईस शारदासदन निघालें व पुढच्याच वर्षीं तें पुण्यास आलें. तेथें बालविधवा शिकत. कोणास ख्रिस्ती करण्याची खटपट करावयाची नाहीं अशी बोली होती. परंतु रमाबाई स्वतःच्या खोलींत प्रार्थना करीत तेव्हां दार लावून घेत नसत, आणि कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसत. यावरून वादळ उठलें. दार लावून घ्या म्हणजे वाद मिटेल, असें त्यांस सहज म्हणतां येण्यासारखें होतें. पण आपल्या घरांत आपण चोरून प्रार्थना करणार नाहीं व कोणास बोलावणारहि नाहीं, हें त्यांचें म्हणणें कायम राहिलें. १८९३ सालीं रानडे, भांडारकर यांसारख्या थोर पुरुषांनीं सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला व अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. याविषयीं दोन मतें असूं शकतील. पालकांची भीति अगदींच निराधार होती असें आम्ही म्हणणार नाहीं, कारण त्यांतील कांहीं मुली पुढें खरोखर ख्रिस्ती झाल्या. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, त्या उघड्या दाराची किंमत रमाबाईंनीं मोजली, आणि ती मोजतांना ज्यांनीं राजीनामे दिले त्यांच्याविषयींचा आदर सोडला नाहीं.

हीं सर्व उदाहरणें ब्राह्मण व सुशिक्षित घरांतलीं झालीं, याची आम्हांस जाणीव आहे. नगर जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून ज्या महार-मांग कुटुंबांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्यांची चरित्रें कोणीं लिहिलीं नाहींत. त्यांस वाळीत टाकण्याची धमकी घालण्याचें कारणच नव्हतें. ते आधींच वेशीबाहेर होते. त्यांच्यावर निराळा प्रहार झाला, तो म्हणजे पोटासाठीं बाटले हा शब्द. १८७६ ते १८७८ च्या व पुढें १८९७ व १९०० च्या आगेमागेच्या दुष्काळांत मिशनच्या दारीं भुकेलेले लोक आले, त्यांत कांहीं ख्रिस्ती झाले, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु दुष्काळ सरला, धान्य मिळूं लागलें, तरी जे राहिले ते कशासाठीं राहिले, हा प्रश्न तो शब्द उच्चारणारे विचारीत नाहींत.

त्यांच्या नातवंडा-पणतवंडांपुढें आज एक फार अवघड प्रश्न उभा आहे, आणि तो आमच्या शाळेच्या कचेरींत दर जूनमध्यें उभा राहतो. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आज्ञेनें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवण्यांत आल्या. १९५६ सालीं शीखांचा व १९९० सालीं बौद्धांचा त्यांत समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान यांचा झालेला नाहीं. त्यामुळें घरांत शास्त्र वाचणारा, रविवारीं उपासनेस बसणारा बाप प्रवेशाच्या कागदावर धर्माच्या रकान्याशीं येऊन थांबतो. खरें लिहावें तर मुलाची शिष्यवृत्ति जाते. निराळें लिहावें तर मुलगाच विचारतो, बाबा, आपण कोण? हा कायदा न्याय्य आहे कीं नाहीं याचा खल आपल्या देशांत चाललेला आहे, व तो येथें करण्याचें कारण नाहीं. आम्हीं स्वतः कधीं उपाशी पोटीं तो रकाना भरलेला नाहीं. म्हणून जो बाप तेथें अडखळतो त्यास भित्रा म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आम्हीं अशा दोन-तीन बापांस पाहिलें आहे. एकानें खरें लिहिलें व रात्रपाळी धरली. दुसऱ्यानें निराळें लिहिलें, आणि तेव्हांपासून तो शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमास येत नाहीं. त्याच्या न येण्यानें आम्हांस फार वाईट वाटतें. त्यानें यावें.

आतां आमच्या विद्यार्थ्यांच्या नित्याच्या अडचणी. दसऱ्यास वर्गमित्राच्या घरीं सरस्वतीची पूजा असते, गणपतीच्या दिवसांत प्रसाद हातावर ठेवतात. मग काय करावें, असें कांहीं ख्रिस्ती मुलें विचारतात. दानीएलाची गोष्ट येथें उपयोगी पडते. बाबेलच्या राजवाड्यांत नेलेल्या त्या मुलानें खास्द्यांची भाषा शिकून घेतली, त्यांची विद्या शिकून घेतली, त्यांनीं दिलेलें परकें नांवहि चालवून घेतलें. राजाच्या ताटांतलें अन्न मात्र आपणांस नको असें तो म्हणाला, आणि तें कसें म्हणाला हें पाहण्यासारखें आहे. अधिकाऱ्यावर तो ओरडला नाहीं, पानें लाथाडलीं नाहींत; दहा दिवस आम्हांस डाळ-भाजी देऊन पाहा अशी विनंती केली. नांव सोडलें, अन्न सोडलें नाहीं. श्रद्धेचा गाभा कोणता आणि नुसती रीत कोणती, हें ज्याचें त्यानें आपल्या आईबापांच्या व पाळकांच्या सल्ल्यानें ठरवावें. मित्राच्या घरीं सणाला जाणें, त्याच्या आजीच्या पायां पडणें, तिच्या हातची पुरणपोळी मिटक्या मारीत खाणें, यांत निष्ठेला बाध येतो असें आम्हांस वाटत नाहीं. पूजेच्या वेळीं हात जोडावयाचे नसतील तर शांतपणें बाजूस उभें राहावें. मित्राच्या देवाची चेष्टा करणें मात्र कोणत्याहि धर्मांत निष्ठेचें लक्षण नाहीं. कित्येकदां तें आंतल्या भीतीचेंच सोंग असतें.

आणि आमचे हिंदु, मुसलमान, जैन व बौद्ध पालक हा लेख वाचून, हा काय आमच्या मुलांस उद्देशून लिहिला आहे, असें मनांत म्हणतील, त्यांसहि दोन शब्द सांगावयाचे आहेत. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाप्रमाणें सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या कोणत्याहि शाळेंत विद्यार्थ्यास त्याच्या, व तो अज्ञान असल्यास पालकांच्या, संमतीवांचून धर्मशिक्षणास वा उपासनेस बसवितां येत नाहीं. श्रीपत शेषाद्रीच्या वेळीं असें कलम असतें तर एका मुलाचे हाल वांचले असते. हें कलम आम्ही ओझें समजत नाहीं. आमच्या शाळेंत पुष्कळ वर्गांत ख्रिस्ती मुलें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं असतात. आणि दुसऱ्या एखाद्या शाळेंत आपलें मूल असेंच एकटें असेल, रोजा धरून खेळाच्या तासास बसलेलें असेल, किंवा पर्युषणांत डबा न उघडतां बसलेलें असेल. तेथेंहि शेकोटीभोवतीं कोणी ना कोणी हंसत असतोच. आपापल्या घरीं मुलांशीं याविषयीं एकदां बोलावें, एवढीच विनंती.

ज्या विद्यार्थ्याच्या गोष्टीनें आरंभ केला त्याची हकीकत अपुरी राहिली. आम्हीं त्यास उपदेश केला नाहीं. लक्ष्मीबाईंचें पुस्तक वाचावयास दिलें. तें त्यानें निम्मेंच वाचून परत केलें असा आम्हांस संशय आहे. पण पुढच्या आठवड्यांत तो आपण होऊन संघनायकाकडे गेला आणि रविवारीं सकाळीं आपण उपासनेस जातों, सरावास दुपारीं येऊं शकूं, असें त्यानें सांगितलें. संघनायक हंसला नाहीं. हंसले ते दुसरे दोघे, आणि तेहि फार वेळ नाहीं. सरावाची वेळ मात्र बदलतां आली नाहीं, कारण दुपारीं मैदान दुसऱ्या शाळेकडे असतें. यंदाच्या अकरा जणांत त्याची निवड झाली नाहीं. या अंकांत क्रिकेटच्या संघाचें जें छायाचित्र आहे त्यांत तो दिसणार नाहीं; सामन्यांच्या वेळीं गुणफलकावर आंकडे लावणाऱ्या मुलांचें छायाचित्र त्याच्या खालीं आहे, त्यांत तो आहे.